तुकडा इकडचा तिकडे

अकरावीच्या पोरांना मी जीवशास्त्रात दरवर्षी तोच प्रश्न घालते: पेशींच्या सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनातला फरक स्पष्ट करा. पोरं घोकून लिहितात, मी मार्क देते, विषय संपतो. हा प्रश्न पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात येऊन बसेल, असं कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वेळीही माझं मूल पोटातच गेलं. सासूबाईंनी निकाल आधीच देऊन टाकला होता. "माझ्या लेकराला साधी सर्दी होत नाय. त्याच्यात कायची खोट?" गुलमंडीत साडीच्या दुकानात भेटलेल्या लांबच्या जावेलाही त्यांनी हेच ऐकवलं, मी शेजारी उभी असताना. तोवर माझं रक्त, माझं गर्भाशय, माझं थायरॉइड, सगळं तपासून झालं होतं. नवऱ्याची तपासणी सगळ्यात शेवटी झाली, तीही मी भांडले म्हणून. मी भांडखोर आहे याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांच्या दोन गुणसूत्रांनी आपापला एकेक तुकडा बदलून घेतलाय. जन्मापासूनच. हरवलं काहीच नाही, फक्त जागा बदलली. पुढचं मला सांगायची गरज नव्हती. नवरा मात्र स्वतःच्या तळहातांकडे बघत बसला, आणि घरी येताच गच्चीवर निघून गेला.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचं काम माझ्यावर आलं. म्हटलं, "जखम भरते, केस वाढतात, तेव्हा प्रत्येक गुणसूत्र स्वतःची नक्कल करतं आणि सरळ दोन होतं. जोडीदार कुठं आहे, याची त्याला फिकीर नसते. म्हणून तुमचा मुलगा ठणठणीत. पण मुलाचं बीज तयार होताना प्रत्येकाला आपला जोडीदार शोधून त्याला बिलगावं लागतं, मग निम्मं निम्मं व्हावं लागतं. तिथं यांचा तुकडा इकडचा तिकडे."

आई कोऱ्या चेहऱ्यानं ऐकत होत्या. मग मी त्यांच्या माहेरचं काढलं. त्यांच्या दोन चुलत्यांनी विहिरीजवळची आपापली एकेक पट्टी तोंडी बोलून बदलून घेतली होती. दोघं कसत होते तोवर कुणाचं काही अडलं नाही. पोरांनी वाटण्या केल्या तेव्हा एकाकडं कागदानं एक आणि कब्ज्यानं दुसरी अशा दोन्ही पट्ट्या गेल्या आणि दुसऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही. बीजातही तसंच, म्हटलं: कुठं तुकडा दोनदा, कुठं नाहीच, आणि मूल टिकत नाही.

"म्हंजी कसणाऱ्याला कळतच नाय," आई हळूच म्हणाल्या.

"व्हय. वाटणीलाच कळतं."

त्या माझ्याकडं बघून काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. माफी नको होती, पण 'चुकलं माझं' एवढं तरी. त्यांनी विचारलं, "हे आलं कुठून?"

"तुमच्याकडून, नाहीतर मामंजींकडून. कधी नव्यानंही होतं."

"मग माझ्या लेकीत?"

माझी नणंद फर्दापूरला दिलेली. गेल्याच महिन्यात तिचंही पहिलं मूल असंच गेलं होतं, आणि तिची सासू तिला काय बोलत असेल ते मला पाठ होतं. कुठंही जा, पळसाला पानं तीनच.

"तिच्यातही असू शकतं," मी म्हटलं.

"तिकडं बोलू नको. टाकतील तिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यात खोट नसताना ती गल्लीभर झाली, आणि लेकीची निघाली तर झाकायची? मी तोंडावरच म्हटलं, "म्हणजे तिनं पुन्हा पुन्हा अंधारातच सोसायचं?" खरं सांगायचं तर भीती मलाही वाटत होती. तिच्यात ते निघालं तर तिकडं तिचं काय होईल, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादाचं काय निघालं?"

आई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मी बोलणार तोच त्यांनी हात पुढं करून फोन मागितला. आता झाकाझाक सुरू होणार, असं वाटून मी तो जरा रागानंच दिला.

"जावयांना घिऊन इकडं ये," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायचंय. दोघांचं. आन् आधी माझं. माझ्यातून आलं असंल तर त्यांच्या घरी मीच सांगते. तुला कुणी बोल लावायचा नाय."

फोन माझ्याकडं देऊन त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. इतकी वर्षं दवाखान्यात मी सुईपुढं हात धरत आले. 'आधी माझं' असं माझ्यासाठी कुणीच म्हणालं नव्हतं.