एका बल्बाला तीन रेग्युलेटर

‘मला हे येत नाही’ असं म्हणायची सवय मला आजही नाही, आणि त्या काळी तर अंगात नुसती रग होती. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी नुकताच आयटीआय करून वायरमन होऊन गंगाखेडला परतलो होतो आणि शर्टाच्या खिशाला टेस्टर असा लावायचो की गल्लीच्या टोकावरून दिसला पाहिजे. तशात पेठेतल्या एका कापडदुकानदार शेठनं बोलावणं धाडलं. त्यानं नवं स्लॅबचं घर बांधलं होतं. हैदराबादला कुण्या पाहुण्याकडं त्यानं पाहिलं होतं म्हणे, बैठकीतला एकच बल्ब तीन ठिकाणांहून लागतो, विझतो, आणि वर बारीक-मोठाही होतो.

“तसं पायजे. जमंल का?”

“त्यात काय शेठ! दोन दिवसांचं काम.”

उभ्या जन्मात मी असलं काही पाहिलं नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं, तशी ती भाकरी थापता थापता थांबली. त्याच घरच्यांकडं ती कितीतरी वर्षं धान्य निवडायला, मिरच्या कुटायला गेली होती. पाणी मागितलं की शेठची बायको, जिला सगळे बाई म्हणायचे, वरून तांब्या धरायची आणि आई खाली ओंजळ. आमच्या लोकांनी धम्म घेऊन वीस वर्षं होत आली होती, पण त्या दारातला तांब्या काही खाली आला नव्हता. आई म्हणाली, “काम कर खुशाल. पण ओंजळीनं पानी पिऊ नको. मी पिले तेवढं बास झालं.”

मी हो म्हणालो. ऐन वैशाखात हो म्हणणं काय असतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. बाई तांब्या घेऊन आली आणि हातभर लांब उभी राहिली. “ए पोरा, पानी पितो का? धर हात.”

“तहान न्हाई, बाई.”

जीभ टाळूला चिकटली होती. संध्याकाळी स्टेशनच्या नळाला तोंड लावून म्हशीसारखा पाणी प्यालो.

कामाची अक्कल मात्र मी आपली मीच काढली. पंख्याचा रेग्युलेटर बल्बच्या तारेत घातला की बल्ब बारीक-मोठा होतो, एवढं मला ठाऊक होतं. मग एका ठिकाणी एक, तर तीन ठिकाणी तीन! एकाच तारेत एकामागं एक तिन्ही जोडले. एक शेठच्या म्हाताऱ्या वडलांच्या बाजेशी, एक शेठच्या गादीशी, एक स्वयंपाकघराच्या दारात. तिन्ही पाचवर ठेवून दाखवले, बल्ब लख्ख. शेठ म्हणाला, “वा रे पठ्ठ्या!” मी छाती काढून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ स्वतः आमच्या गल्लीत हजर, तोंड लालबुंद. झालं होतं असं की म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, उजेड डोळ्यात खुपायचा, म्हणून त्यानं आपला रेग्युलेटर एकवर नेला. शेठ पेपर घेऊन बसला आणि आपला पाचवर फिरवत राहिला, पण उजेड ढिम्म वाढेना. तेवढ्यात बाईनं ‘नाहक कशाला जाळायचं’ म्हणून स्वयंपाकघराजवळचा बंदच केला. सगळीकडं अंधार! आता बाप-लेकांनी कितीही पिरगाळलं तरी काही उपयोग नाही.

मी गेलो तर पुन्हा तोच तमाशा चालू.

“अप्पा, तुमचा कितीवर हाय?”

“पाचवर हाय रे!”

“खोटं बोलू नका!”

“तुझ्या बायकूला इच्यार की!”

सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नव्हती. त्यामुळं ती शेठला सांगायची, शेठ अप्पाला, आणि तोवर अप्पानं पुन्हा एकवर फिरवलेलं असायचं. मला हसू आवरेना. चेहरा गंभीर ठेवून म्हणालो, “नवीन हाय शेठ. बसायला वेळ लागतो.”

रविवारी यष्टी पकडून परभणीला, ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या उस्तादांकडं गेलो. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. “गाढवा, एका पाटाला एकामागं एक तीन दारं घातलीस! एकानं अडवलं की सगळ्यांचं रान कोरडं. रेग्युलेटर एकच ठेव. दोन टोकांना टू-वे बटन लाव आन मधी हे चार तारांचं.” आणि ते मधलं बटन त्यांनी आपल्या पेटीतून काढून दिलं. तासाभराचं काम होतं.

बटन पिशवीत घेऊन आलो. पण लावलं नाही.

त्याचं कारण सांगतो. रविवारच्या आधी दुरुस्तीच्या नावानं माझ्या तीन खेपा झाल्या होत्या. तिसरा रेग्युलेटर बघायचा तर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जावंच लागायचं. पहिल्या खेपेला बाईनं पाण्याचे हंडे आत ओढून घेतले आणि मी निघाल्यावर फरशीवर पाणी शिंपडलं. दुसऱ्या खेपेला हंडे ओढले, शिंपडायचं राहिलं. तिसऱ्या खेपेला हंडे जागच्या जागी. भरला हंडा बाई तरी किती वेळा ओढणार? हे बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला. पहिल्या दिवशी चूक झाली ती माझी होती. रविवारनंतर मात्र ती चूक नव्हती, हे कबूल करतो.

मग दर दोन दिवसांनी मी जायचो, इथला स्क्रू पिळायचो, तिथला सैल करायचो. तिघांना तीन ठिकाणी उभं करून कवायत घ्यायचो. “अप्पा, दोनवर. शेठ, तीनवर. बाई, आता तुमी.” सगळी पेठ ज्याच्यापुढं झुकायची तो शेठ माझ्या शब्दासरशी कान पिळल्यागत चक्र पिळायचा. काय मजा यायची! एकदा माझं स्टूल डगमगलं. बाईनं पटकन ते धरलं, झटक्यात सोडलं आणि पुन्हा धरलं. तांब्या मात्र दर खेपेला वरच.

एक दिवस ती चिडली. “एवढ्या उन्हाचा येतोस आन तुला तहान कशी न्हाई रे? उंट हाईस का?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “तहान लय हाय बाई. ओंजळ न्हाई.”

ती तांब्यासकट वळली. मग आत गेली, ती बाहेर आलीच नाही. मी घरी निघालो. तिचा राग आला होता, आणि माझी स्वतःची लाजही वाटत होती. पाण्याच्या भांडणापायी मी माझं काम खोटं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो आणि निमूट तिन्ही बटनं नीट बसवली. रेग्युलेटर एकच ठेवला, अप्पाच्या उशाशी. त्यांच्या डोळ्यांचा मान पहिला. कुठूनही लावा, कुठूनही विझवा, तकरार मिटली. शेठ खूश. मी सामान आवरत होतो, तर समोर बाई. हातात घरातला पितळी पेला, काठोकाठ भरलेला. वरून नाही, हातातून हातात दिला. मी घटाघटा प्यालो. रिकामा पेला कुठं ठेवावा कळेना, तर तिनंच हात पुढं करून घेतला.

“उंट न्हाईस म्हन की,” ती म्हणाली.

घरी जवळजवळ पळत आलो. आईला सगळं सांगितलं, माझ्या बदमाशीसकट.

“हातात घेतला? तिनं?”

“हातात.”

“धुवायला न्हाई लावला?”

“न्हाई.”

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी आईचं लक्ष नव्हतं. मला वाटलं आता पाठीवर थाप देईल. ती तर भडकलीच.

“मग लगीच दुरुस्त कशाला करून बसलास, येड्या? आजून चार दिस बिघडू द्यायचं. पिशवी धरायला म्हनून मी आले असते की संगं. त्या पेल्यानं एकदा मलाबी प्यायचं हुतं.”