नार्सिसच्या गावाला वळसा

आमच्या शाँब्रे गावात कधीच सुट्टीवर न गेलेला माणूस एकच, आमचा बेकर बाझील. पाद्री जातात, डॉक्टरीणबाई जातात, चर्चची घंटासुद्धा एकदा दुरुस्तीच्या निमित्ताने महिनाभर बाहेरगावी राहून आली. बाझील मात्र भट्टीसमोरून हलला नाही. सोमवारी दुकान बंद असायचं, तेव्हाही तो पांढरा अंगरखा चढवून दारात उभा राहायचा. कुणाला काही लागलं तर, म्हणे.

माझं नाव गिस्लेन. बेकरीच्या समोरचं कॅफे माझं, त्यामुळे या माणसाला मी त्याच्या बायकोइतकंच पाहिलेलं आहे. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाचे केक विकून झाले, जानेवारीतली धांदल ओसरली, की तो आणि त्याची बायको ओडिल माझ्याकडे यायचे. खिडकीजवळचं संगमरवरी टेबल पुसून त्यावर नकाशा पसरायचा आणि दोघांनी सायकलीवरून समुद्र गाठायचा बेत आखायचा. आमच्या इथून ल्वार नदीला लागायचं आणि ती नेईल तसं पश्चिमेला जायचं, थेट ती समुद्राला मिळते तिथपर्यंत. जून महिना, दोन आठवडे, दोन सायकली. हा बेत आमच्या गावात इतका जुना झाला होता, की तो आखताना जन्मलेली पोरं आता स्वतः पाव घ्यायला येत होती.

बेत आखताना बाझीलचा उत्साह बघण्यासारखा. मुक्काम कुठे करायचा, तर जिथे लाकडाची भट्टी आहे तिथे. दुपारी कुठे थांबायचं, तर जिथे बाराच्या ठोक्याला टेबल मिळेल तिथे. हॉटेल कसलं आहे, पलंग कसला आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यात कॅफेतला प्रत्येकजण आपलं शहाणपण ओतायचा. नदीच्या उजव्या काठाने जावं की डाव्या, यावरून माझे दोन ग्लास फुटलेले आहेत.

अनातोलबाबा रोज दुपारी माझ्याकडे पांढऱ्या वाइनचा एक पेला घ्यायला येतात. नव्वदीला टेकलेत, कानांनी अधू आहेत, म्हणून जे बोलायचं ते ओरडून. ते म्हणायचे, "अरे, वारा समुद्राकडून येतो! आधी गाडीने तिकडे जा आणि सायकलीने घरी या! वाराच ढकलत आणेल!"

"मग समुद्र पाठीमागे राहील ना, बाबा," ओडिल म्हणायची. "मला तो समोर हवाय."

ओडिलने समुद्र पाहिलेला नव्हता असं नाही. लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिला होता, तोही पावसात, बसच्या काचेतून. लग्न झालं ते बेकराशी. बेकराच्या बायकोला पहाट दिसते, बाकी काही दिसत नाही. यंदा मात्र तिच्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली होती, आणि नकाशावर हात ठेवून तिने माझ्यासमोर सांगून टाकलं, "बाझील, या जूनमध्ये नाही, तर मग कधीच नाही. आणि तू नाही आलास तर मी एकटी जाणार."

"येणार की! नाही कोण म्हणतंय?" बाझील म्हणाला आणि पेन्सिल घेऊन पुन्हा नकाशावर वाकला.

तेव्हा मी पहिल्यांदा तो नकाशा नीट बघितला. आमच्या गावातून नदीकडे जाणारा रस्ता सरळ आहे, व्हियोल गावातून जातो, उताराचा, झाडांच्या सावलीचा. बाझीलची रेघ मात्र गावाबाहेर पडताच डावीकडे वळत होती, टेकडी चढत होती, दगडाच्या खाणीमागून फिरत होती आणि व्हियोलच्या पलीकडे नदीला लागत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"इथला देखावा चांगला आहे," बाझील म्हणाला.

"खाणीचा?"

ओडिलने उसासा टाकला. "व्हियोलला नार्सिस राहतो ना, म्हणून. त्याच्या दुकानावरून जायला नको म्हणून माझ्या गुडघ्यांनी टेकडी चढायची."

नार्सिस म्हणजे व्हियोलचा बेकर. फार वर्षांपूर्वी जत्रेतल्या स्पर्धेत त्याच्या ब्रियोशला, म्हणजे लोण्याच्या गोडसर पावाला, पहिलं बक्षीस मिळालं आणि बाझीलच्या ब्रियोशला दुसरं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आणि खरी मेख इथेच होती. आमच्या भागात शेजारच्या दोन गावांचे बेकर एकाच वेळी कधी दुकान बंद ठेवत नाहीत. आधी एकमेकांना विचारून तारखा ठरवतात, आणि ज्याची सुट्टी असेल त्याच्या गावाला दुसरा पाव पुरवतो. बाझीलला सुट्टी हवी, तर नार्सिसला विचारायला हवं. विचारायचं नाही, म्हणजे सुट्टी नाही. दरवर्षी मे महिना आला की बाझील कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "जायचं तर खूप आहे, पण गावाला उपाशी ठेवून कसं जाणार?" आणि नकाशाची घडी व्हायची.

यंदा ओडिलने घडी होऊ दिली नाही. एका सोमवारी ती सायकल काढून सरळ रस्त्याने व्हियोलला गेली आणि नार्सिसच्या मागच्या दाराने आत शिरली. परत आली ती लाल चेहऱ्याने हसत.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, 'एवढी वर्षं मला वाटत होतं, माझा पाव तुमच्या गावात नकोय.' लगेच हो म्हणाला. पाव तुझ्या कॅफेत आणून ठेवणार, तू विकायचा. टेकडीच्या वळशाचं सांगितलं तर इतका हसला, की पिठाच्या पोत्यावरच बसला."

"आणि बाझीलला कोण सांगणार?"

"रविवारी सांगते," ती म्हणाली.

रविवारी चर्च सुटल्यावर बेकरीची रांग माझ्या दारापर्यंत येते. त्या भरल्या रांगेसमोर ओडिल बाहेर आली आणि तिने दाराच्या काचेवर कागद चिकटवला: वार्षिक सुट्टी, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, पाव समोरच्या कॅफेत मिळेल. बेकरीच्या दारावर लागलेला कागद म्हणजे आमच्याकडे सरकारी हुकूम, तो मागे घेतलेला कुणी पाहिलेला नाही. बाझील हातात पाव घेऊन आतून वाचत राहिला, म्हणजे त्याला अक्षरं उलटी दिसत असणार, पण अर्थ सरळ कळला.

"कुणाचा पाव?" त्याने विचारलं.

"नार्सिसचा," ओडिल म्हणाली. "पुढे कोण आहे? तुम्हाला काय हवं?"

त्याने अजून एक डाव टाकून पाहिला. "खमिराला रोज पीठ-पाणी कोण घालणार? माझ्या बापाच्या वेळचं खमीर आहे!"

"बरोबर घेऊ," ती म्हणाली. आणि खरोखरच, जूनमधल्या त्या सोमवारी दोघं निघाली तेव्हा बाझीलच्या सायकलीच्या पुढच्या टोपलीत खमिराची बरणी टॉवेलात गुंडाळून ठेवलेली होती. निघताना त्याने माझे दोन्ही गाल चुंबले आणि कानात म्हणाला, "रोज दुपारी फोन करीन. पाव कसा आहे, खरं खरं सांगायचं." मग तो डावीकडे टेकडीला वळला. ओडिलने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला आणि त्याच्या मागे गेली.

मी मात्र पेचात सापडले. कारण नार्सिसचा पाव अप्रतिम होता. कवच असं, की तोडला की अख्ख्या कॅफेला ऐकू जावं, आणि आतून ओलसर, किंचित आंबूस. जेवणाच्या आधीच टोपली रिकामी व्हायची. हे बाझीलला सांगितलं, तर तो त्याच पावली उलटा फिरला असता, गाव हातचं जाईल या धास्तीने. वाईट आहे म्हणून सांगितलं, तरीही फिरला असता, गाव उपाशी आहे म्हणून. मग ओडिलला कुठला समुद्र? म्हणून रोज दुपारी मी जपून बोलायचे.

"चालतंय. पोट भरतं."

"कवच?"

"आहे. कवचासारखं आहे."

"लोक कुरकुरतात?"

"थोडंफार. झेपेल इतपत."

असं करत करत मी त्यांना नदीकाठचं ऑर्लेआँ शहर पार करून दिलं, मग तूर शहर पार करून दिलं. सगळ्या गावाला मी ताकीद दिली होती, बाझील विचारेल तर 'चालतंय' म्हणायचं. अनातोलबाबांनाही दिली होती, पण ती त्यांच्या कानात शिरली नसावी. एका दुपारी मी फोनवर बोलत असताना त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बाझील का रे? अरे, त्या नार्सिसचा पाव काय झकास आहे! माझ्या कवळीलासुद्धा सोसतो! तू सावकाश ये, आमचं काही अडलेलं नाही!"

मग फोन बंद झाला.

मी बाबांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर लागेना. टेकडीवरून एखादी सायकल उतरताना दिसली, की मी धावत दारात जायचे. बाझीलचा राग येत होताच, पण ओडिलसाठी जीव तुटत होता. इतक्या जवळ जाऊन, एका म्हाताऱ्याच्या कौतुकापायी तिला परत फिरावं लागणार. एकटी पुढे जाईन म्हणाली होती खरी, पण नवऱ्याला रस्त्यात सोडून जाणाऱ्यांपैकी ती नव्हे.

मग एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. आधी नुसता घों घों आवाज, मग ओडिल. "गिस्लेन, ऐक! ऐकू येतंय?"

"वारा ऐकू येतोय."

"वारा नाही, बाई! समुद्र आहे! समोर आहे!"

मी काउंटरमागच्या स्टुलावर बसले. डोळे भरून आले माझे, लाजू कशाला. "आणि तो?"

"गुडघाभर पाण्यात उभा आहे. आमचा फोन बिघडला गं, उन्हाने खमीर फुगलं, बरणीबाहेर आलं, टोपलीतला फोन त्यातच बुडाला. त्या दिवशी बाबांचं ऐकल्यावर हा नदीकाठच्या बाकावर बसला. मला वाटलं, झालं, आता उलटा फिरणार. मग म्हणाला, 'ओडिल, त्यांचं काही अडलेलं नाही म्हणे. मग मी इतकी वर्षं कुणासाठी थांबलो होतो?' आणि हसायला लागला. तेव्हापासून असा सायकल हाणतोय, की मीच मागे पडते."

तेवढ्यात पलीकडे फोन बाझीलच्या हातात गेला. "गिस्लेन, नार्सिस येतो का गं तुझ्याकडे?"

नार्सिस समोरच उभा होता, दुपारच्या जेवणाचा पाव घेऊन आला होता. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने पिठाचा हात आधी अंगरख्याला पुसला. अनातोलबाबांनीही पेला खाली ठेवला.

"हं," नार्सिस म्हणाला. "हो, मीच." मग बराच वेळ ऐकत राहिला. "आणखी एक आठवडा? जमेल की." त्याने घसा खाकरला. "पण एक अट आहे. घरी जाताना माझ्या दारावरून जायचं. वळसा घालायचा नाही."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. नार्सिसने फोन मला परत दिला, नाक पुसलं आणि टोपलीतले पाव मोजायचे सोडून तसेच सगळे फळीवर ओतले. मी पेन घेऊन रस्ता ओलांडला आणि बेकरीच्या दारावरच्या कागदावर तारीख बदलली.