परंपरित

माझ्या संशोधनाचा विषय होता परंपरित अपूर्णांक. अपूर्णांकाच्या छेदात आणखी एक अपूर्णांक, त्याच्या छेदात आणखी एक, असा खाली उतरत जाणारा जिना. दोनाचं वर्गमूळ असं लिहायला घेतलं की आधी एक येतो, मग दोन, दोन, दोन. शेवट नाही आणि बदलही नाही. पाय ही संख्या मात्र लहरी. तीन, सात, पंधरा, एक, आणि मग एकदम दोनशे ब्याण्णव! तो आकडा पहिल्यांदा हाताने काढला तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

लग्न होऊन रनाळ्यात आले ती विद्यापीठातली नोंदणी सोबत घेऊनच. सासऱ्यांनी विषय विचारला, मी सांगितला. त्यांनी त्यातला पहिला शब्दच ऐकला, तोही अर्धा, आणि गावभर करून टाकलं, "मन्ही सून परंपरावर लिखी ऱ्हायनी."

मी खुलासा केला नाही. का करावा? दुपारचे दोन तास खोली माझी झाली. माझ्या वाटच्या मिरच्यांचे देठ सासूबाई स्वतः काढू लागल्या. शेजारणी दारातूनच हळदीची गाणी सांगून जात. मी मान डोलवत वहीत छेद मांडत बसे. लबाडीच होती, पण मजेत चालली होती.

मग प्रगती अहवाल मांडायच्या दिवशी सासरे हौसेने विद्यापीठात सोबत आले. मागच्या बाकावर बसून त्यांनी अर्धा तास फळ्याकडे पाहिलं. परतीच्या एसटीत दोंडाईचा आल्यावर त्यांनी विचारलं,

"यामा आपली परंपरा कोठे शे?"

"कुठेच नाही," मी म्हणाले.

"मंग मी गावले काय सांगू आते?"

ओरडले असते तर भांडले असते. भांडण मला जमतं. पण त्यांचा चेहरा पार उतरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरी वही माझ्यासमोर ठेवली. "पहिले हाई पुरं कर, बेटा. मंग तुन्हं गणित."

तेव्हापासून दुपारी ते सांगतात, मी लिहिते. एका रीतीचं कारण विचारलं की दुसरी रीत निघते, आणि तिच्यासाठी पलीकडच्या गल्लीतल्या आत्यांना बोलवावं लागतं. जीव गुदमरतो माझा. इतक्या प्रेमाने सांगणाऱ्या माणसाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि याचा मला रागही येतो. मुदतवाढीचा अर्ज आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेला.

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी आमची वही जेमतेम बारशापर्यंत पोचली होती.