रंध्यावरचं कुंकू

खंडेराव सुतार आपलं हत्यार कुणाला देत नसत. उसनं तर नाहीच, पण क्षणभर धरायलाही नाही. गाझियाबादला शेजारच्या श्रीरंगनं एकदा पडद्याच्या दांडीसाठी ड्रिल मशीन मागितलं, तर हा माणूस भरल्या ताटावरून उठला, स्वतः जाऊन त्याच्या भिंतीला चार भोकं पाडून आला आणि वर त्यालाच ऐकवलं, "दात घासायचा ब्रश देतोस का कुणाला?" श्रीरंग सहा महिने बोलत नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी खंडेराव सांगलीकडून दिल्लीत आले ते सरोजिनी नगरच्या क्वार्टरांत मराठी साहेबांची कपाटं करायला. कपाट इतकं चपखल, की एक दार लावलं तर आतल्या हवेनं दुसरं हळूच उघडावं. आता कपाट कारखान्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यात येतं आणि सुतार नुसते स्क्रू पिळतो. त्यातही डोक्यावर कुणीतरी उभं असतंच, "भैया, जल्दी करो." चार वर्षं हे ऐकून त्यांचं डोकं कायमचं तापलेलं होतं. कुणी पाणी दिलं तरी गरम का म्हणून ओरडत, थंड दिलं तरी ओरडत.

मग न्यूझीलंडचं काम आलं. तिथे अख्खी घरंच लाकडाची बांधतात. दोन वर्षांचा करार, आणि पत्रात शेवटची ओळ होती: कारागिराने आपली हत्यारं आपण आणावीत. ती ओळ खंडेरावांनी लेकीकडून तीनदा वाचून घेतली. हत्यारं आपण आणावीत! म्हणजे ते सुतार मागत होते, हमाल नव्हे.

विमान परवावर आलं, तेव्हा सगळ्या मशिनी खोलीभर मांडून झाल्या होत्या. लेक क्षिप्रा फोनवर नियम वाचत होती. बॅटऱ्या काढून हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून. ठीक. प्लगच्या पिना वेगळ्या, त्या तिथे बदलायच्या. तेही ठीक.

"आणि बाबा, वापरलेली हत्यारं तिथे उतरल्यावर सांगावी लागतात. एकदम क्लीन पाहिजेत. भुसा, माती, धान्य, पान, काहीच नको. नाहीतर तिथेच अडकवतात."

"क्लीनच आहेत."

क्षिप्रानं लाकडात खाचा पाडायचा राउटर उलटा केला. "हे बघा ना, यार. पूरा भरलाय. हे पिवळे चावल..."

"अक्षता म्हणतात त्याला!"

"हां, तेच. आत फसलेत. आणि हळद-कुंकूपण सगळं काढावं लागेल."

दर खंडेनवमीला खंडेरावांची बायको शेवंताबाई प्रत्येक मशीनवर हळद-कुंकवाची पाच बोटं ओढत, अक्षता वाहत आणि दसऱ्याला पेटीत आपट्याचं पान ठेवत. जुनं पुसायचं नाही, त्याच्यावरच नवं लावायचं, हा त्या घरचा नेमच होता. ड्रिलवर तर कंपनीचं नावसुद्धा दिसेनासं झालं होतं.

खंडेराव भडकले. "कुंकू पुसू? घरातून पाय बाहेर काढताना कुंकू पुसू? तांदळाच्या दाण्याला घाबरणारा देश तो, त्याला सुतार कशाला पाहिजे? नाही जात! कळव त्यांना!" पत्र भिरकावून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मागून कुणीच आलं नाही, त्याचाही त्यांना राग आला.

खरं तर त्यांना भीती वाटत होती. पुसावं तर मन धजत नव्हतं. न पुसता न्यावं आणि तिथे सगळं अडकलं, तर परक्या मुलखात रिकाम्या हातांनी उभं राहून दुसऱ्याच्या मशिनीवर राबायचं. आणि जाऊच नये, तर उद्यापासून पुन्हा स्क्रू.

आतून थिनरचा वास आला. खंडेराव धावत आत गेले. शेवंताबाई पदर खोचून जमिनीवर बसल्या होत्या, एका हातात चिंधी, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश. ड्रिल, राउटर, सँडर लख्ख झाले होते.

"अगं, काय करतेस? कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? जायचं ठरवताना तुम्ही मला विचारलं होतंत?"

"कुंकू पुसतेस शेवंता..."

"मशिनी आहेत त्या, बायका नाहीत! कपाळ माझं आहे, त्याचं मी बघेन." त्यांचा आवाज चढतच गेला. "लावायचं मी, पुसायचं मी, आणि ओरडायचं तेवढं तुम्ही! चार वर्षं तुमचा राग सोसतोय आम्ही. स्क्रू पिळून येता आणि ताटावर आदळता. जा. जाऊन तुमची कपाटं करा. माणसासारखे होऊन परत या."

खंडेरावांनी रंधा उचलला. सतराव्या वर्षी बाभळीच्या ओंडक्यातून स्वतः घडवलेला, हातात मावेल असा. त्याच्या लाकडात तेल आणि कुंकू इतकं मुरलं होतं, की थिनरनं निघणं शक्यच नव्हतं.

"हा मी पटाशीनं खरवडतो," ते गुरगुरले.

शेवंताबाईंनी रंध्यावर पंजा ठेवला. "हा जाणार नाही."

"माझ्या हाताचा आहे तो!"

"आठ दिवसांनी नवमी आहे. सगळं उचलून नेताय. पाटावर काय मांडू मी?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच त्यांना संताप येत होता. "तुमचा फोटो?"

अक्षता हा शब्द विसरलेल्या क्षिप्राला हे मात्र बरोबर कळलं. ती फोन खाली ठेवून आईजवळ येऊन बसली.

खंडेरावांनी रंध्याचं पातं सैल केलं, अंगठ्यानं धार पाहिली, ठोकून पुन्हा घट्ट केलं. मग त्यांनी तो बायकोच्या दोन्ही हातांत दिला.

"कोरडा पडू देऊ नकोस. तेल देत जा," ते अजून रागातच होते. "आणि तो श्रीरंग मागायला येईल. द्यायचा नाही."

शेवंताबाईंनी रंधा देव्हाऱ्याखाली ठेवला, चिंधी आणि टूथब्रश नवऱ्यापुढे केला. कटर अजून पुसायचा राहिला होता. खंडेराव खाली बसले.