फरशीखालचं झाकण

तुमच्या संडासाच्या टाकीचं झाकण नेमकं कुठं आहे, सांगता येईल?

आमच्या आष्ट्याच्या घरी दोन झाकणं होती. बहिणीच्या लग्नात वडिलांनी परसात चकचकीत फरशी घातली आणि एक झाकण तिच्याखाली गेलं. मांडवात ते पाहुण्यांना दिसायला नको होतं. त्यानंतर फौजेतून निवृत्त झालेले वडील छाती पुढं काढून सांगायचे, "आमची टाकी एकदाबी उपसावी लागली न्हाई." जणू टाकीलाच पदक मिळालं होतं. तळाशी गाळ साचतो, तो दर दोन-तीन वर्षांनी काढायचा असतो, हे घरात कुणी मानलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात संडास तुंबला. उपशाची गाडी आली. नळीनं पाणी ओढलं, पण गाळ हलेना.

गाडीवाला म्हणाला, "खाली दगडागत झालंय, अण्णा. दुसरं झाकण उघडा, तिकडनं पाणी मारून सैल करतो."

"फरशी फोडायची न्हाई," वडील म्हणाले. "तुझा माणूस उतरव की. दोन बादल्यांचं तर काम."

गाडीवरचा मदतीचा माणूस शर्ट काढू लागला. शर्टाची त्यानं नीट घडी घातली. ती घडी बघून माझं डोकं फिरलं. टाकीतला विषारी वायू दिसत नाही. माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. मी टाकीच्या उघड्या तोंडापुढं आडवी उभी राहिले.

"सर बाजूला, पोरी."

"न्हाई सरत. फरशी एवढी लाडकी असंल तर तुमीच उतरा, अण्णा."

"नगरपालिकेची पत्रकं वाचून शिकलीस व्हय हे? बाप हाय मी तुझा!"

"ह्योबी कुणाचा तरी बाप असंल."

"दोन पोरी हायत," तो माणूस खाली बघत पुटपुटला.

वडील घरात गेले. पहार आणून त्यांनी माझ्यापुढं टाकली. "फोड मग. मला न्हाई बघवायचं."

मी फोडली. दुसऱ्या झाकणातून पाणी मारलं, गाळ सैल झाला, नळीनं ओढला. कुणीही आत उतरलं नाही. त्या माणसानं घडी मोडून शर्ट घातला. परसातली फरशी अजून तशीच फुटकी आहे, आणि मी ती बुजवू देत नाही.

तुम्ही आजच झाकण शोधा. फरशीखाली असेल तर पहार घ्या. आणि कुणी "माणूस उतरवू" म्हणालं, तर आडवे उभे राहा.