फादरांची खिडकी

अंधेरीच्या गावठाणात माझ्या शेजारचे अंकल साकीनाक्याला फिटर होते. बोलण्याआधी समोरच्या वस्तूवर बोटाने टकटक करायचे आणि मला "काय रे बीए" म्हणायचे.

पावसाच्या तोंडावर एक नवरंग पक्षी त्यांच्या खिडकीच्या नव्या मोठ्या काचेवर आपटला. अंकलनी त्याला बुटांच्या खोक्यात ठेवलं आणि सावध झाल्यावर सोडलं. मी ग्रंथालयात बघून अंकलना सांगितलं, की हा दर पावसाळ्यात इकडे येतो आणि शास्त्रात याला पिट्टा म्हणतात.

"काय सांगतोस! आमच्या शाळेतल्या इटलीच्या फादरांचं आडनाव पिट्टाच होतं. मला वाचायला त्यांनी शिकवलं."

आठवड्याभरात दुसरा नवरंग आपटला. तो मात्र उठला नाही. अंकलनी बादलीत चुना कालवला आणि अख्खी काच बाहेरून पांढरी केली.

आंटी रडकुंडीला आली. "रविवारी पोरीला बघायला येतायत! एवढी झकास काच, वाट लावलीत! काय म्हणतील ते?"

"म्हणू दे. फादरांचं डोकं फुटतं तिथे."

रविवारी मीही होतो. पाहुण्यांनी खिडकीचं विचारलंच. अंकलनी टेबलावर टकटक केली, पण त्याआधी आंटीच ठसक्यात म्हणाली, "आमच्याकडे दरवर्षी फादर येतात ना, त्यांच्यासाठी."