कॉलर उलटताना अडकणारा व्हिडिओ

धाकट्या भावाचं यश मास्तरांच्या डोळ्यांत खुपतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मास्तरांना. त्यांच्या मते हा हेवा नव्हताच मुळी, हा न्यायाचा प्रश्न होता.

दोघंही भाऊ शिंपी. एकाच दुकानात, वडिलांच्या हाताखाली शिकलेले. वडिलांचं नाव होतं ते शर्टाच्या कॉलरसाठी. कॉलर आधी उलटी शिवतात आणि मग सुलटी करतात, आणि तिथंच भल्याभल्यांच्या हातून तिची टोकं बोथट होतात. वडील मात्र कात्रीचं टोक आत न खुपसता, शिलाईबाहेरची पट्टी अंगठ्याच्या नखावर दुमडून एका हिसक्यात कॉलर उलटवायचे. ही खुबी त्यांनी थोरल्याला, म्हणजे आपल्या मास्तरांना दिली. धाकट्याची पाळी यायच्या आधीच ते गेले. मग मास्तरांनी ती त्याला शिकवायची होती, पण त्यांनी काय केलं, तर कॉलर उलटवायची वेळ आली की धाकट्याकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. शेजारच्या मशीनवर बसलेल्या भावाला वर्षानुवर्षं त्या क्षणी फक्त पाठ दिसली.

पुढे धाकटा वेगळा झाला, त्यानं स्वतःचं दुकान टाकलं आणि शिवणकामाचे व्हिडिओ करायला लागला. ते लोकांनी असे काही उचलून धरले की मास्तरांच्या दुकानात माप द्यायला आलेलं गिऱ्हाईकही हात वर करून उभं असताना विचारायचं, "तुम्ही त्या व्हिडिओवाल्यांचे भाऊ ना?" मास्तर टेप जरा जोरात आवळायचे आणि म्हणायचे, "तो माझा भाऊ." नातं तेच, पण ठसका वेगळा.

अशात धाकट्यानं नवं, मोठं दुकान घेतलं आणि उद्घाटनाचं आमंत्रण द्यायला स्वतः आला. "दादा, तू आणि वहिनी सगळ्यांच्या आधी यायचं," म्हणाला. तो गेल्यावर मास्तरांनी जाहीर केलं, "मी जाणार नाही. बाबांची कॉलर यानं चोरली आणि जगाला दाखवत सुटलाय. चोराच्या दारात मी उभा राहू?"

"चोरताना पाहिलंत?" बायकोनं विचारलं.

"व्हिडिओत आहे सगळं."

"मग दाखवा. खरं निघालं तर मीही जाणार नाही, पुन्हा त्या घराचं नावही काढणार नाही. आणि खोटं निघालं तर तुम्ही मुकाट्यानं चालायचं. तेही हसतमुखानं."

"कबूल," मास्तर म्हणाले. हसतमुखानं हा शब्द त्यांना जड गेला, पण हरण्याचा प्रश्नच नव्हता.

अडचण एकच होती. कॉलरचा व्हिडिओ लावला की कापड कापेपर्यंत बरा चालायचा, शिलाईला आला की धापा टाकायचा, आणि नेमकी उलटवायची वेळ आली की अडकायचा. धाकट्याचा हात हवेत, पडद्यावर ते गोल चक्र फिरतंय, आवाज पुढे निघून गेलाय. चित्र पुन्हा हलायचं तेव्हा कॉलर सुलटी होऊन धाकटा तिच्यावर इस्त्री फिरवत असायचा.

"बघितलंस? मुद्दाम करतो हे," मास्तर म्हणाले. "नेमकी चोरी लपवतोय."

"तिकडे बसून तुमचा फोन अडवतोय? मग फारच हुशार म्हणायचा," बायको म्हणाली.

शेवटी मास्तर कोपऱ्यावरच्या मोबाइलवालीकडे गेले. ही बाई तोंडानं फटकळ, पण फोनच्या बाबतीत कुणाला उगाच खर्चात न टाकणारी. तिनं फोन हातात घेतला आणि आधी आत काय काय साठलंय ते उघडलं. उघडलं आणि हसायला लागली.

"काका, जागाच नाही राहिली हो यात. सगळे त्या शिवणवाल्यांचेच व्हिडिओ उतरवून ठेवलेत! एवढा मोठा चाहता त्यांना दुसरा मिळायचा नाही."

"चाहता नाही," मास्तर कानापर्यंत लाल झाले. "पुरावे आहेत ते."

"पुरावे डिलीट करू का?"

तिनं फोन मोकळा केला, मागे उघडी पडलेली ॲप बंद केली, व्हिडिओचं ॲप अपडेट केलं. मग तिच्या लक्षात आलं की व्हिडिओचा दर्जा सगळ्यात वरचा निवडून ठेवलाय. "जुना फोन आहे, काका. एवढं ओझं त्याला झेपत नाही. कुणी लावलं हे?"

मास्तरांनीच लावलं होतं. धाकट्याच्या शिलाईत एखादा टाका तरी वाकडा सापडेल, म्हणून ते बोटांनी चित्र मोठं करकरून बघायचे. तिनं दर्जा खाली आणला तसे ते कुरकुरले, "मग टाका दिसत नाही."

"टाका कशाला हवाय? हात बघा की."

तिच्या दुकानात व्हिडिओ पाण्यासारखा धावला, पण तिथं चार लोकांसमोर मास्तरांना तो शेवटपर्यंत बघायचा नव्हता. ते घाईघाईनं आपल्या दुकानात आले, बायकोला बोलावलं, व्हिडिओ लावला, आणि कॉलरपाशी येऊन तो पुन्हा ठप्प! मास्तर तणतणत परत निघाले, तेवढ्यात मोबाइलवालीच काय भानगड आहे ते बघायला मागोमाग आली. दारातच थबकली.

"काका, फोन कशाला टेकवलाय?"

कापायच्या टेबलावर फोन उभा राहावा म्हणून मास्तर तो नेहमी इस्त्रीला टेकवायचे. इस्त्री दिवसभर गरम. आणि काम करता करता बघायची सवय असल्यामुळे व्हिडिओतली शिलाई होईपर्यंत फोन चांगलाच भाजून निघायचा.

"अहो, तापला की तो स्वतःच हळू होतो, जीव वाचवायला. त्या बिचाऱ्याला इस्त्री करताय तुम्ही!" तिनं फोन उचलून खिडकीत गार करत ठेवला. बायको तोंडाला पदर लावून हसली.

गार झालेल्या फोनवर व्हिडिओ पुन्हा लागला. या वेळी तो कुठंही अडकला नाही. धाकट्यानं शिलाई कोपऱ्यापर्यंत आणली, तिथं एक लांब दोरा मधे घातला, त्यावरून टाका घेतला आणि पुढे गेला. मग त्यानं तो दोरा हळूच बाहेर ओढला, आणि त्याच्यामागून कॉलरचं टोक आपसूक बाहेर आलं, सुईसारखं. नख नाही, हिसका नाही. बाबांचं त्यात काहीच नव्हतं. सगळं त्याचं त्यानं शोधलेलं. आणि खरं सांगायचं तर बाबांच्या टोकाला किंचित गोलाई राहायची, इथं तीही नव्हती.

"काय मग?" बायको म्हणाली. "चोरी कुठाय?"

मास्तरांना वाटलं, चोरली असती तर किती बरं झालं असतं. चोराचा राग तरी करता येतो.

ठरल्याप्रमाणे जाणं भाग होतं. उद्घाटनासाठी मास्तरांनी स्वतःला नवा शर्ट शिवायला घेतला. कॉलरपाशी आले आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. कोपऱ्यात दोरा घातला, टाका घेतला, ओढला. टोक पहिल्याच फटक्यात आलं. ते बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत बसले आणि स्वतःवर इतके चिडले की कॉलर उसवायला घेतली. उसवली मात्र नाही. इतकी चांगली कॉलर त्यांच्या हातून कधी झालीच नव्हती.

नव्या दुकानात गर्दी होती. धाकटा धावत पुढे आला, वाकून नमस्कार करून उठला, आणि त्याची नजर दादाच्या कॉलरवर थांबली. शिंप्याला सांगावं लागत नाही. त्यानं दोन बोटांत टोक धरलं, सहज धरावं तसं, आणि मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या मनात आलं, आता हा सगळ्यांसमोर काय बोलतो?

जवळ उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाचंही लक्ष गेलं. "अरे वा! ही टोकं तर अगदी तुमच्यासारखी आहेत," तो धाकट्याला म्हणाला.

"माझ्यासारखी दादाची कशी असतील?" धाकटा हसला. "दादासारखी माझी आहेत. मी त्याच्या शेजारी बसूनच शिकलो."

लोक कौतुकानं मास्तरांकडे बघू लागले. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलं, आणि मास्तर नुसते हसले, बायकोला शब्द दिला होता तसे.

परत येताना बायको म्हणाली, "भावोजी किती चांगलं बोलले हो तुमच्याबद्दल."

"हो," मास्तर म्हणाले. "तेच तर सहन होत नाही."